थोरला मागे राहिला: लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. लग्न जमलं नाही आणि स्त्रीचा सहवासही कधी घडला नाही, अशा तिशी-चाळिशीतल्या पुरुषांच्या बाबतीत मराठवाड्यात जे धागे पुन्हा पुन्हा हाती लागतात, ते एकत्र करून हे नमुना-प्रकरण रचलं आहे. माणूस, घर आणि घरचा हिशेब नमुन्याचा आहे. जनगणना, कायदा आणि उपचार यांबद्दलची माहिती खरी आहे. आशाताई, समुपदेशक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि घरातली जाणती माणसं यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते सविस्तर लिहिलं आहे.

तक्रार काय घेऊन आला

बालाजी, वय ३७, शिक्षण बारावी. चार एकर कोरडवाहू रान, खरिपात सोयाबीन आणि त्यात तूर. घरी आई. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत, त्याचं लग्न झालेलं. दोन बहिणी सासरी.

आरोग्य केंद्रात तो आला तो पाठदुखी घेऊन. मग "झोप येईना", मग "अंगात ताकद राहिली नाही", आणि बाहेरचे पेशंट संपल्यावर, दाराकडं बघत, "धात जाते", म्हणजे वीर्य जातं. एकटेपणाची तक्रार घेऊन कुणी केसपेपर काढत नाही. पाठ, झोप, धात या क्रमानं माणूस बोलू लागला आणि तो पस्तिशीच्या पुढचा अविवाहित असला, तर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून पुढचा पेशंट आत बोलवू नये. दहा मिनिटं जास्त द्यावीत आणि दार लावून घ्यावं.

त्याच भेटीत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्य-चाचणी घेतली. २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम नैराश्य. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हा नववा प्रश्न पुटपुटून उरकायचा नसतो. सरळ विचारला तेव्हा उत्तर मिळालं, "कधीमधी येतात. लग्नसराईत जास्त." म्हणून पहिला उपाय लग्नाचाही नव्हता आणि शरीराचाही नव्हता. फवारणीच्या औषधाचे डबे घरातल्या कोनाड्यातून हलवून आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या कोठ्यावरच्या, पेटीत ठेवायचे, पेटीला कुलूप लावायचं आणि किल्ली शेजारच्या चुलत्याकडं द्यायची. औषध हाताशी नसलं की टोकाचा क्षण बऱ्याचदा टळून जातो. सोबत टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिला. तो रात्रीही लागतो.

वर्षं कुठं गेली

"बाशिंगबळ जड आहे" असं आई म्हणत होती. ही समजूत बाजूला ठेवून एका कागदावर वर्षं मांडली, तेव्हा चित्र वेगळंच दिसलं.

वडील २००९ मध्ये गेले. तेव्हा बालाजी एकवीस वर्षांचा. २०१० मध्ये थोरल्या बहिणीचं लग्न. मग २०१२-१३चा दुष्काळ. २०१४ मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न, त्यासाठी एक एकर विकलं. पाचाचे चार एकर झाले ते तेव्हा. स्थळं बघायला सुरुवात झाली २०१५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि लगेच २०१५-१६चा दुष्काळ आला. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या जिल्ह्याला प्यायला पाणी रेल्वेनं येतंय, त्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरात मुलगी द्यायला कोण धजेल? बोअर पाडला, पाचशे फुटांपर्यंत धुरळाच निघाला, कर्ज तेवढं वाढलं. २०२० आणि २०२१ कोरोनात गेले.

यातला एकही निर्णय चुकीचा नव्हता. बहिणी आधी उजवायच्या हे थोरल्यानं केलं, करायलाच हवं होतं असं त्याला आजही वाटतं. पण प्रत्येक शहाण्या निर्णयाची किंमत दोन-तीन वर्षं होती आणि ती सगळी एकाच माणसाच्या खात्यातून गेली.

मग २०२१ मध्ये धाकट्याचं लग्न झालं. पुण्याकडची नोकरी, मुलीकडचेच चालून आलेले, नाही म्हणायचं कारण नव्हतं. गावाकडं याचा अर्थ मात्र एकच लावला जातो: धाकट्याचं आधी उरकलं, म्हणजे थोरल्यात काहीतरी खोट असणार. त्यानंतरची तीन स्थळं मध्यस्थाच्या फोनवरच थांबली. या प्रकरणातलं सगळ्यात महाग वळण तेच, आणि ते कुणीही दुष्टपणानं आणलं नव्हतं. धाकट्याचं आधी करणं भागच असेल, तर मध्यस्थाला आणि पाहुण्यांना त्याचं कारण आपणहून सांगावं. आपण गप्प राहिलो की कारण लोक ठरवतात.

तेवीस स्थळं

नऊ वर्षांत तेवीस स्थळं झाली. बालाजीच्या डोक्यात हिशेब असा होता की तेवीस जणींनी त्याला नाकारलं. आईला समोर बसवून एकेक स्थळ आठवत यादी केली. नोकरी नाही म्हणून नऊ. पाण्याखालची जमीन नाही म्हणून चार. पत्रिका जुळली नाही म्हणून तीन. मुलगा काही बोललाच नाही, मान खाली घालून बसला, म्हणून तीन. उरलेल्या चार ठिकाणी नकार बालाजीच्या घरचाच होता: एक मुलगी सावळी, एक जास्त शिकलेली, दोघी फारकत घेतलेल्या. ही चार स्थळं तो विसरूनच गेला होता. यादी लिहून काढण्याचा फायदा हाच. "मी कुणालाच नको" हे वाक्य कागदावर टिकत नाही.

नोकरीची अट धरणाऱ्या मुलींवर राग काढण्यात अर्थ नाही, कारण त्यांचा हिशेब बरोबर आहे. एकरी सहा क्विंटल धरलं तर चार एकरांत चोवीस क्विंटल सोयाबीन. क्विंटलला ४,२०० रुपये मिळाले तर १,००,८०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मळणी मिळून एकरी साडेसतरा हजार खर्च गेला की हाती राहतात ३०,८०० रुपये, वर्षाचे. तुरीचे वरचे थोडे. ज्या मुलीनं लातूरला राहून बी.एस्सी. किंवा नर्सिंग केलं, तिला या आकड्यावर संसार मांडा म्हणणं हा आग्रह कुणालाच शोभत नाही.

मध्यस्थानं यावर काढलेला तोडगा तर घातकच होता. बायोडाटावर त्यानं "बागायत ६ एकर, उत्पन्न ५ लाख" असं छापलं. मुलीच्या भावानं बसल्या जागी मोबाईलवर सातबारा काढला. चार एकर, जिरायत, बँकेचा बोजा. मुलगा खोटा बोलतो ही बातमी मग तीन गावांत पोचली.

संख्येचं म्हणाल, तर मुलींची टंचाई खरी आहे, पण ती सगळीकडं सारखी वाटली जात नाही. शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३. बालाजीसाठी बघितल्या गेलेल्या मुली या दोन आकड्यांच्या मधल्या पिढीतल्या. निसर्गतः हे प्रमाण साधारण ९५० असतं. म्हणजे तूट फार मोठी नव्हती. पण लग्नात मुलगी बहुधा एक पायरी वर दिली जाते: कोरडवाहूतून बागायतीत, गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्याला. त्यामुळं सगळी तूट खाली सरकत येते आणि शेवटच्या पायरीवर साचते. त्या पायरीवर कोरडवाहू शेतकरी उभा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तो याच पायरीवरून. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण २००१ मध्ये ८९४ होतं, २०११ मध्ये ८०७ वर आलं. त्या वर्षी मोजलेली मुलं आता लग्नाच्या वयाला पोचू लागली आहेत. बालाजीच्या पिढीला जे भोगावं लागलं त्याहून कठीण काळ तिथल्या मुलांपुढं आहे, आणि गर्भातच मुली मारल्याचा तो सरळ परिणाम आहे.

शरीराबद्दलची समजूत

तिसऱ्या भेटीत तो मोकळा झाला. एकतीस वर्षांचा असताना एका मित्रानं त्याला शहरात पैसे देऊन एका बाईकडं नेलं होतं. भीतीनं अंगाला घाम सुटला, ताठरता आली नाही, पाच मिनिटांत तो बाहेर आला. "मी नामर्द आहे" हा निकाल त्यानं त्या पाच मिनिटांवर दिला आणि पुढची सहा वर्षं तो मनात वागवला. बघण्याच्या कार्यक्रमात तो मान खाली घालून का बसायचा, याचं उत्तर इथं सापडलं. स्थळ जमलंच तर आपलं पितळ उघडं पडेल, ही भीती होती. म्हणजे लैंगिक अनुभव नसणं हा आधी लग्न न जमण्याचा परिणाम होता, आणि पुढं तेच लग्न न जमण्याचं कारण झालं. हा फेरा ओळखल्याशिवाय नुसती स्थळं दाखवत राहणं व्यर्थ.

भीतीच्या क्षणी शरीर पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत असतं. अॅड्रेनॅलिन वाढतं, लिंगाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, ताठरता येत नाही. अगदी धडधाकट माणसाचंही असंच होतं. खरी परीक्षा एका साध्या प्रश्नात आहे: पहाटे उठताना ताठरता असते का? आठवड्यातून तीन-चार वेळा असते, हस्तमैथुनाच्या वेळीही येते, असं त्यानं सांगितलं. यंत्रणा शाबूत असल्याची ही बऱ्यापैकी भक्कम खूण. ती कायमची गेलेली असती तर साखर, रक्तदाब, चालू औषधं, तंबाखू, टेस्टोस्टेरॉन असा शोध घ्यावा लागला असता.

धातीचा गैरसमज जास्त चिवट निघाला. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. त्याला असं समजावलं: एका वेळी दोन ते पाच मिलीलिटर वीर्य बाहेर येतं, त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीचा द्रव असतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. ते रक्तातून आटवून बनत नाही आणि साठवून ताकद वाढत नाही. झोपेत गेलं, हातानं काढलं, दोन्ही निरुपद्रवी. हे एकदा सांगून पटत नाही. चार भेटींत चार वेळा सांगावं लागलं, आणि एकदा डोळ्यांसमोर कागदावर आकृती काढावी लागली.

या समजुतीवर त्यानं आतापर्यंत १८,००० रुपये घालवले होते. बसस्टँडजवळच्या लॉजवर आठवड्यातून एकदा येणारा "गुप्तरोगतज्ज्ञ", भस्म, चूर्ण, तेल. लैंगिक शक्ती वाढवण्याची जाहिरात करायला १९५४च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या असतातच. अशा पुड्यांमध्ये कधी शिसं-पारा, कधी स्टिरॉइड, कधी सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं असतं. छातीच्या दुखण्यावर नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यानं अशी पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

वेळेबद्दलचं त्याचं मोजमाप मोबाईलवरच्या चित्रफितींतून आलेलं: अर्धा तास. प्रत्यक्ष जोडप्यांत घड्याळ लावून मोजलं तेव्हा मधला आकडा पाच-सहा मिनिटांचा निघाला आहे. हे ऐकून तो पहिल्यांदा खुर्चीत सैल बसला.

मग तपासणी. आयुष्यात कुठल्याही डॉक्टरनं त्याला तिथं तपासलं नव्हतं. लिंगाची पुढची कातडी घट्ट होती, मागं सरकत नव्हती, लहानपणापासूनच. ताठरतेच्या वेळी दुखायचं आणि ते दुखणंही तो "कमजोरी"तच धरायचा. मोठ्या वयात कातडी नव्यानं घट्ट झाली, तिला चिरा पडल्या, तर आधी मधुमेह तपासावा. इथं उपाशीपोटीची साखर ९४ आली, म्हणजे ठीक. डॉक्टरांनी बीटामेथासोन ०.०५ टक्के मलम दिलं: दिवसातून दोनदा, घट्ट कड्यावर पातळ थर, सहा आठवडे, आणि आंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात कातडी हलकेच, दुखणार नाही इतकीच मागं ओढायची. ओढल्यावर ती परत पुढं आणायचीच. मागं अडकून राहिली तर सूज येते, रक्तपुरवठा थांबतो, आणि मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. सहा आठवड्यांनी कातडी बरीच सैल झाली. झाली नसती तर सुंता करण्याचं छोटं ऑपरेशन हा मार्ग होता. शहरातल्या त्या प्रसंगात संबंध आला नव्हता, तरी मनातली धास्ती जावी म्हणून सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची मोफत तपासणी करून घेतली.

इथं व्यवस्थेतली एक पोकळी सांगायलाच हवी. दहा ते एकोणीस वयासाठी "मैत्री" क्लिनिक आहे, लग्न झालेल्यांसाठी कुटुंबनियोजन आहे. पस्तीस वर्षांच्या अविवाहित माणसानं शरीराबद्दलचा प्रश्न कुठल्या खोलीत विचारायचा, याची पाटी कुठंच नाही. लॉजवाल्याची पाटी मात्र चौकात असते.

तीन गाठी वेगळ्या करणं

लग्न न जमणं, बायकांशी बोलण्याची सवय नसणं आणि लैंगिक अनुभव नसणं या तीन गाठी बालाजीनं एकाच नावानं बांधल्या होत्या: "माझं नशीब". उपचाराचा मुख्य भाग म्हणजे त्या सोडवून वेगळ्या ठेवणं. अनुभव नसणं हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही. बोलण्याची सवय लावता येते. लग्नाचं जमणं मात्र एकट्याच्या हातात नाही, म्हणून उपचाराचं यश त्यावर मोजायचं नाही. ही गोष्ट त्याला आणि आईला पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगितली.

पहिल्या आराखड्यातली एक पायरी फसली. त्याला जिल्ह्याच्या मानसोपचार ओपीडीत पाठवलं, तो गेला आणि रांगेतून परत आला. रांगेत गावातले दोघं उभे होते. त्यानंतर भेटी आरोग्य केंद्रातच, दुपारी तीननंतर, पाठदुखीच्याच केसपेपरवर ठेवल्या. गुप्तता म्हणजे वहीला कुलूप एवढंच नाही, माणूस कोणत्या वेळी कोणत्या बाकावर बसलेला दिसतो हेही त्यात येतं.

बोलण्याचा सराव पायऱ्यांनी केला. बारावीनंतर आई, बहिणी आणि भावजया सोडून कुठल्या बाईशी तो दोन वाक्यांपलीकडं बोललाच नव्हता. पहिले दोन आठवडे: आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना नजर वर करून नमस्कार. पुढचे दोन: बँकेच्या काउंटरवरच्या मॅडमना पीककर्जाबद्दल तीन प्रश्न, घरी लिहून नेलेले. मग शेतकरी गटाच्या बैठकीत, जिथं निम्म्या बायका होत्या, बियाण्याच्या उगवण-चाचणीवर पाच मिनिटं बोलणं: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तर उगवले तर बियाणं पेरणीला चालतं. हा विषय त्याचा हातखंडा होता, म्हणून निवडला. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे. बैठकीआधी नऊ, नंतर चार. सरावाची एक अट कडक होती: समोरची बाई ही लग्नाची संधी नाही. ती अट ढिली पडली की सराव बायकांना त्रास देण्याच्या वाटेला जातो, आणि भीतीही कमी होत नाही.

पारावरच्या चौघांत बसणं त्यानं स्वतःहून कमी केलं. तिथं "घोडनवरा" हा शब्द रोज ऐकावा लागायचा.

दोन खड्डे

मधल्या काळात दोन प्रस्ताव आले. एका एजंटानं दुसऱ्या राज्यातली मुलगी दाखवतो म्हणून अडीच लाख मागितले: फोटो मोबाईलवर, लग्न चार दिवसांत देवळात, मुलीसोबत एक "मावशी". असल्या लग्नांत नवरी आठवड्यात दागिन्यांसह नाहीशी होते, किंवा ती मुलगी स्वतःच विकून आणलेली असते. दुसरी शक्यता जास्त भयंकर. मूळ आधारकार्ड, मुलीच्या घरी प्रत्यक्ष दोन फेऱ्या, तिच्याशी एकट्यानं बोलणं आणि विवाह नोंदणी, या चारांपैकी एकालाही एजंट नाही म्हणाला तर तिथंच थांबावं. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होते.

दुसरा प्रस्ताव नात्यातून आला. ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरातली मुलगी, "सोळा-सतरा असेल, कोयता होईल दोघांचा". ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. आई तयार झाली होती. तिला बसवून सांगितलं की अठराच्या आतल्या मुलीशी लग्न करणाऱ्या सज्ञान पुरुषाला २००६च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुढं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही लागतो. पण कायद्याआधी बालाजीच बोलला, "माझ्या भाचीएवढी आहे ती." त्यानं तो विषय संपवला. ते लग्न दुसऱ्या कुणाशी लागू नये म्हणून १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवण्यात आलं.

चौदा महिन्यांनी

बायोडाटा पुन्हा लिहिला: जिरायत चार एकर, कर्ज अमुक, शेळ्या सात, बारावी, तंबाखू सोडून पाच महिने. "घटस्फोटित, विधवा, मूल असलेली स्त्री, पोटजात वेगळी: चालेल" ही ओळ घालायला आईची तीन महिने ना होती. ती ओळ दया दाखवायला नाही, बरोबरीच्या नात्यानं आहे, हे बालाजीलाही शिकावं लागलं. मी तुला पदरात घेतो असा सूर मनात असेल, तर बाईला तो पहिल्या भेटीतच ऐकू येतो.

पीएचक्यू-९ आता ६ आहे. झोप सहा-साडेसहा तास. औषधांच्या पेटीची किल्ली अजून चुलत्याकडंच आहे, आणि ती तिथंच राहू द्यायची ठरलं आहे.

एक स्थळ चालू आहे. अहमदपूरकडची चौतीस वर्षांची स्त्री, फारकत झालेली, सात वर्षांची मुलगी सोबत, शिवणकामावर महिन्याला सात-आठ हजार कमावते. दोन भेटी झाल्या. दुसऱ्या भेटीत बालाजीनं सांगितलं, "मला यातलं काही माहीत नाही, सवय व्हायला वेळ लागेल." ती म्हणाली, तिला घाई करणाऱ्या माणसाचा अनुभव आहे, वेळ घेणाऱ्याचा नाही. तिच्या अटी दोन: मुलीची शाळा बदलायची तर वर्ष संपल्यावर, आणि घराच्या नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर, तिचंही नाव लागावं. पहिली अट आईनं मानली आहे. दुसरीवर ती गप्प आहे. पुढच्या गुरुवारी तीन वाजता आईला एकटीला बोलावलं आहे, आणि तिच्या स्वतःच्या नावावर आजवर काय लागलं, इथून बोलणं सुरू करायचं ठरलं आहे.